आवडतं गाणं आपल्या पट्टीत: यामाहा एफ ३१० आणि नागपूरची हवा

एकच गाणं मनात धरून गिटार घ्यायला निघणारी माणसं नागपुरात भरपूर आहेत. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी घोळका करून जे म्हटलं जातं, कॉलेजच्या सेंडऑफला शेवटी सगळे उभे राहून जे म्हणतात, ते आपल्याला वाजवता यावं, एवढीच त्यांची मागणी असते. अशा गिऱ्हाइकापुढे दुकानदार बहुधा यामाहाची एफ ३१० ठेवतो. दहा हजारांच्या आगेमागे मिळणारी ही अकूस्टिक गिटार त्या एका गाण्याला न्याय देते का, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे. उत्तर होकारार्थी आहे, पण डब्यातून काढली तशीच वाजवायला घेतली तर नाही. आधी सेटअप, म्हणजे मान आणि तारांच्या उंचीची जुळवणी, नीट करून घ्यावा लागतो आणि मग गाण्याची पट्टी आपल्या गळ्याला लावून घ्यावी लागते. ही दोन कामं टाळली की दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाते.

तपासायला गाणं घेतलं आहे गायक केकेचं ‘पल’. १९९९ सालच्या त्याच नावाच्या अल्बममधलं, शब्द मेहबूब यांचे, संगीत लेझ्ली लुईस यांचं. हेच का, तर ते प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणून. वर्ग सोडणाऱ्याला ते मित्रांचं वाटतं, नोकरीसाठी पुण्याला निघालेल्याला घराचं. ३१ मे २०२२ ला कोलकात्यात कॉलेजच्या मुलांसमोर कार्यक्रम करून परतल्यावर काही वेळातच केके गेला आणि आपण उद्या असू किंवा नसू हा त्या गाण्यातला विचार ऐकणाऱ्यांच्या अंगावर वेगळ्याच वजनाने आला. अशा गाण्याचा अर्थ म्हणणाऱ्याच्या आवाजातून निघतो. केकेचा गळा जिथे सहज वर जातो तिथे आपला आवळतो, आणि एकदा गळा आवळला की माणसाचं लक्ष शब्दांवरून उडून पुढच्या वरच्या सुरावर जातं. मूळ पट्टीचा हट्ट धरून म्हटलेलं आवडतं गाणं म्हणूनच इतकं कोरडं वाटतं. गिटारीचं पहिलं काम गाणं खाली आणणं, गाणाऱ्याच्या उंचीवर आणणं. हे काम ती किती बरं करते, यावर आमचं मत ठरलं आहे.

गिटार हातात घेतल्यावर

आकार ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाचा. खोली खालच्या बाजूला ११६ आणि वर मानेकडे ९६ मिलिमीटर. वरची फळी स्प्रूसची आहे, पण अखंड नाही, थर चिकटवून केलेली. नटची, म्हणजे मानेच्या डोक्याकडच्या टोकाला असलेल्या खाचांच्या दांडीची, रुंदी ४३ मिलिमीटर, म्हणजे बोटांना जागा बरी मिळते. सर्वांत कामाचा आकडा मात्र तारेच्या लांबीचा: नटपासून सॅडलपर्यंत (पोटावरच्या लाकडी ब्रिजमधली, तारा टेकतात ती दांडी) ६३४ मिलिमीटर. मोठ्या भावंडाची, एफजी ८०० ची, हीच लांबी ६५० आहे. फरक जेमतेम दीड सेंटिमीटरचा वाटतो, पण तारेचा ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली तर एफ ३१० वर ताण जवळपास ५ टक्के कमी पडतो. शिवाय फ्रेटही, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्याही, किंचित जवळ येतात. नव्या बोटांना ही सवलत पहिल्या महिन्यात खूप मोठी असते.

ज्यांचे खांदे अरुंद आहेत किंवा उंची कमी आहे त्यांना ड्रेडनॉटचं पोट उजव्या काखेत रुतेल. दुकानात उभ्याने वाजवून पाहू नका. बिनहाताच्या खुर्चीवर बसा, मांडीवर घ्या आणि पाच मिनिटं तशाच बसून राहा. उजवा खांदा वर उचलला जात असेल तर लहान अंगाची गिटार मागा.

घेताना तीन गोष्टी तिथेच बघा. साउंडहोलच्या, म्हणजे पोटावरच्या गोल भोकाच्या, आतलं लेबल आणि अनुक्रमांक वॉरंटी कार्डाशी जुळतो का. मान डोक्याकडून सॅडलकडे एका डोळ्याने बघितली तर पिळलेली दिसते का. आणि सहाही तारा प्रत्येक फ्रेटवर एकेक करून वाजवल्या तर कुठे सूर मरतो किंवा करकरतो का. सीताबर्डीच्या गर्दीतल्या दुकानात हे ऐकू येणार नाही. सकाळी दुकान उघडताना जा. एखाद्याच फ्रेटवर करकर असेल तर तो फ्रेट उंच बसला आहे, ती गिटार परत करा, दुसरी मागा. सगळीकडेच थोडी करकर असेल तर घाबरू नका, ते सेटअपने जातं.

सेटअप: खरा खर्च इथे करा

या किमतीच्या कोणत्याही गिटारीत तारा कारखान्यातून जरा उंचच ठेवलेल्या असतात, कारण उंच तार करकरत नाही आणि तक्रार येत नाही. शिकणाऱ्याची बोटं मात्र त्यात सोलवटतात. आपली बोटं नाजूक आहेत, आपल्याला जमणार नाही, असं त्याला वाटू लागतं. पंधरा मिनिटांची मोजणी हा गैरसमज दूर करते.

स्टीलची, शून्यापासून सुरू होणारी मोजपट्टी घ्या. तारा सुरात लावून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जाड तारेखाली २.५ ते २.८ मिलिमीटर, सर्वांत बारीक तारेखाली १.८ ते २ मिलिमीटर असावं. ३ च्या वर असेल तर काम निघालं.

काम कुठलं, हे ठरवायचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला तर पैसे वाया जातात. आधी मान, मग सॅडल, शेवटी नट.

मानेसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, जाड तार चौदाव्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर बरी. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने, साउंडहोलमधून, नीट बसणाऱ्या ॲलन कीने पाव फेरा. पावच. मग तारा पुन्हा सुरात लावून परत मोजा. फट अजिबात नसेल तर उलट दिशेने पाव फेरा. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि जाणकाराकडे न्या. ट्रस रॉड तुटला तर या किमतीच्या गिटारीची दुरुस्ती परवडत नाही. आणि ट्रस रॉडने तारा खाली आणायच्या नसतात, हे अनेक दुकानांतल्या पोरांनाही ठाऊक नसतं. तो मान सरळ करायला असतो.

उंची खाली येते ती सॅडल घासून. साधं गणित: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी हवा असेल तर सॅडल १ मिलिमीटर घासायचं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. तारा सैल करून सॅडल काढा, तळाशी पेन्सिलीने रेघ मारा, काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तळ घासा, शेवटचे हात ४०० वर. माथा कधीच घासायचा नाही, त्याचा गोल आकार बिघडतो. तळ सपाट आणि काटकोनात राहायला हवा, नाहीतर एखाद्या तारेचा आवाज बसतो. हे चुकण्याचं मुख्य कारण म्हणजे दोन बोटांनी धरून कडेवर जोर देणं; लाकडाच्या चौकोनी ठोकळ्याला टेकवून घासलं तर तळ वाकडा होत नाही. दुकानात नवं सॅडल सहज मिळतं, तेव्हा जुनं जपून ठेवा आणि घासायला नवं वापरा.

नटची तपासणी सोपी आहे आणि तीच कोणी करत नाही. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा: तार आणि फ्रेट यांच्यात कागदाएवढी फट असावी. जास्त असेल तर एफ कॉर्ड, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचा बार कॉर्ड, कधीच सुखाने लागणार नाही. आणखी एक खूण आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर तोच बार कॉर्ड धरा. एकदम सोपा वाटला तर दोष बोटांत नव्हता, नटमध्ये होता. नटच्या खाचा कानसायला तारेच्या जाडीच्या कानशी लागतात. हे काम घरी करू नका. जास्त कापली गेली तर मोकळी तार करकरते आणि नट बदलावा लागतो.

तारा ११-५२ च्या घ्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). १०-४७ बोटांना आणखी मऊ लागतात, पण थर असलेल्या फळीला हलवायला त्यांच्यात जोर नसतो आणि आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. १२-५३ ने आवाज भरतो, पण सुरुवातीला बोटं दमतात. तार बदलताना गोळीचं टोक ब्रिजमध्ये तार धरून ठेवणाऱ्या पिनेच्या तळाशी अडकून राहतं आणि ताण आला की पिन टणकन उडते. म्हणून पिन बसवल्यावर ती अंगठ्याने दाबून धरा, तार वर ओढून गोळी ब्रिजच्या पाटीला टेकलेली जाणवू द्या, मगच खुंटी फिरवा. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरे. एकाच वेळी सगळ्या काढू नका, एकेक बदला.

पट्टी शोधणं

आपल्याकडे गाणारा माणूस पट्टी काळी-पांढरीत सांगतो, गिटारवाला इंग्रजी अक्षरांत. दोघांची गाठ घालायला एवढं पाठ असलं तरी भागतं: पांढरी १ म्हणजे सी, पांढरी २ डी, पांढरी ३ ई, पांढरी ४ एफ, पांढरी ५ जी, पांढरी ६ ए, पांढरी ७ बी. काळ्या त्यांच्या मधल्या. गिटारीची जाड तार मोकळी वाजवली की पांढरी ३. पहिला फ्रेट पांढरी ४, तिसरा पांढरी ५, पाचवा पांढरी ६, सातवा पांढरी ७, आठवा पांढरी १. मध्ये जे येतात त्या काळ्या.

आता गाणं लावा. ज्या सुरावर ओळ येऊन निवांत थांबते, जिथून पुढे काही ऐकायची ओढ राहत नाही, तो सा. तो गुणगुणत जाड तारेवर शोधा आणि फ्रेट लिहून ठेवा. मग गाण्यातली सर्वांत उंच जागा शोधा आणि तो सूर बारीक तारेवर मिळवा. तिसरं, स्वतःचा गळा. सकाळी उठल्याबरोबर नाही, दुपारनंतर, ‘आ’ करून एकेक फ्रेट वर चढा. ज्या सुराला मान ताणली जाते किंवा आवाज पातळ होतो त्याच्या दोन फ्रेट खाली तुमची खरी वरची मर्यादा. गाण्याचा उंच सूर आणि तुमची मर्यादा यांच्यात जितके फ्रेट, तितकी पट्टी खाली.

उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला सा सातव्या फ्रेटवर सापडला, म्हणजे पांढरी ७, आणि तुमचा गळा ४ फ्रेट कमी पडतो. ७ वजा ४, तिसरा फ्रेट, पांढरी ५, म्हणजे जी. हा योग छान, कारण जी, डी, ई मायनर आणि सी या चार कॉर्डांत एकही बार नाही. कमतरता २ फ्रेटचीच असेल तर हेच चार आकार दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून. ५ फ्रेट कमी पडत असतील तर काळी ३, म्हणजे एफ शार्प, येते, आणि तिथे डी चे आकार चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवा: डी, ए, बी मायनर, जी. बी मायनर जड जात असेल तर बी मायनर सेव्हन धरा. तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: पाचवी, तिसरी आणि पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर, बाकी मोकळ्या, सहावी गप्प. त्याचा रंग थोडा उदास आहे आणि निरोपाच्या गाण्यात तो खपून जातो, उलट शोभतो.

पुरुषाने गायलेलं गाणं बाईच्या गळ्यात उतरवताना साधारण ४ ते ५ फ्रेट वर न्यावं लागतं. पांढरी ७ चं गाणं पांढरी ३ वर गेलं तर डी चे आकार, कॅपो दुसऱ्यावर. पुष्कळ मुली मूळ पट्टीतच खालच्या सुरांत पुटपुटत राहतात आणि मग आवाज पोहोचत नाही म्हणून गाणं सोडून देतात. पट्टी वर न्या, आवाज उघडतो.

ही सगळी खटपट एफ ३१० वर कशी जमते? चौथ्या फ्रेटपर्यंत छान. सेटअप झालेला असेल तर कॅपो लावूनही सूर ढळत नाहीत. पाचव्याच्या पुढे मात्र लहान तारेचा आवाज खेळण्यासारखा आखडतो, तेव्हा तिथे दुसरे आकार शोधलेले बरे. कॅपो खाली आणत नाही, वरच नेतो. खाली जायचं तर आकार बदलायचे किंवा सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवायच्या. ६३४ च्या लांबीवर ११ च्या तारा अर्धा सूर उतरवल्या की ढिल्या पडतात आणि जोरात वाजवलं की फ्रेटवर आपटतात. कायम उतरवूनच वाजवायचं असेल तर १२-५३ घाला.

कॅपो स्प्रिंगचा असो की स्क्रूचा, तो फ्रेटच्या अगदी मागे, तारांना काटकोनात. स्प्रिंगचा दाब ठरलेला असतो आणि या मानेवर तो थोडा जास्तच पडतो, म्हणून तारा चढतात. स्क्रूच्या कॅपोत जेवढा लागतो तेवढाच दाब देता येतो. आमची शिफारस त्याची. लावल्यावर पुन्हा ट्यून करायला विसरू नका, विशेषतः जाड तार. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हलका छेडलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. सहाही तारांवर दाबलेला चढा येत असेल तर तारा अजून उंचच आहेत, सॅडलकडे परत या.

हळू आणि जोरात

इथे या गिटारीची मर्यादा स्पष्ट दिसते आणि ती झाकू नये. थरांची फळी हळू वाजवल्यावर अखंड फळीइतकी बोलत नाही. पहिला अंतरा अगदी कुजबुजत म्हणायचा असेल तर स्ट्रमिंगचा, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवण्याचा, आवाज पोकळ येतो, शब्दांना आधार मिळत नाही. उपाय आहे: तिथे पिक (तारा छेडायची चपटी चकती) बाजूला ठेवा. अंगठ्याने कॉर्डची मूळ तार, मग तर्जनी, मधलं आणि अनामिकेने तिसरी, दुसरी, पहिली. एक, दोन, तीन, चार, सावकाश. एकेक तार वेगळी छेडली की फळीला हलायला वेळ मिळतो आणि आवाज अचानक गोड होतो.

ध्रुवपदाला पिक घ्या. ०.६० मिलिमीटरचा, ड्युनलॉप टॉर्टेक्समध्ये तो नारंगी रंगाचा येतो. ०.८८ चा हिरवा या गिटारीवर उगाच कर्कश होतो. पॅटर्न तोच, जो सगळीकडे चालतो: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. तो पूर्ण गाण्यात एकाच जोराने वाजवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. ज्या ओळीसाठी तुम्ही हे गाणं निवडलं, तिच्या आधीच्या मात्रेला तळहाताची कड ब्रिजवर टेकवून तारा दाबा, आणि ओळ सुरू होताना हात सोडा. काही ठिकाणी तर गिटार थांबवाच. कॉर्ड एकदा छेडून वाजू द्या आणि ओळ नुसत्या आवाजात म्हणा. ती ओळ कुठली, हे कोणी दुसरा सांगू शकत नाही. वडिलांची बदली झालेल्याला एक जागा थांबवेल, मैत्रीण दूर गेलेल्याला दुसरी.

लय मूळ गाण्यापेक्षा थोडी कमी ठेवा. मेट्रोनोमवर मूळ लय काढून १० ठोके कमी करून सराव करा, मग हळूहळू जिथे शब्द नीट सुटतात तिथे थांबा. पूर्ण लयीत पोहोचायची गरज नसते.

आणि रेकॉर्ड करून ऐका. फोन साउंडहोलसमोर ठेवू नका, तिथे घुमटासारखा आवाज येतो. बाराव्या फ्रेटच्या दिशेने ३० सेंटिमीटर दूर, तोंडाच्या उंचीपेक्षा किंचित खाली. ऐकताना गिटारीकडे लक्ष देऊ नका. शब्द कळतात का, तेवढं बघा. कळत नसतील तर दोनच कारणं निघतात: पट्टी अजून उंच आहे किंवा स्ट्रमिंग ओळीच्या अंगावर चढतं आहे.

उन्हाळा, कुलर आणि पाऊस

नागपुरात गिटार ठेवणं हा वेगळाच विषय आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी हवेतला ओलावा विसेक टक्क्यांवर येतो. लाकडाला हवा असतो ४५ ते ५५ टक्के. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड रुंदीत आकसतो आणि फ्रेटची धातूची टोकं बाहेर येतात. हात मानेवरून फिरवताना बोचतात. वरची फळी बसते, तारा खाली येतात, करकर सुरू होते. अशा वेळी अनेक जण सॅडल उंच करून घेतात आणि जुलैत, लाकूड फुगल्यावर, तारा दोरीसारख्या वर गेलेल्या असतात. मोसमी बदलाला सॅडलने उत्तर देऊ नये. आधी ओलावा सांभाळा, मग ट्रस रॉडचा पाव फेरा, बस.

थरांच्या फळीचा फायदा इथे आहे. एफजी ८०० सारखी अखंड फळीची गिटार मे महिन्यात निष्काळजीपणे ठेवली तर तडकू शकते. एफ ३१० सहसा तडकत नाही. विदर्भात पहिली गिटार म्हणून ती सुचवण्याचं हे आमचं सर्वांत मोठं कारण आहे.

खरा शत्रू कुलर. खसच्या ताट्या ओल्या करून दुपारभर चाललेला कुलर खोलीतला ओलावा भराभर वाढवतो, रात्री बंद केला की खोली पुन्हा कोरडी. लाकूड रोज फुगतं आणि आकसतं. कुलरच्या झोतात भिंतीला टेकवलेली गिटार आठवडाभरात सूर धरेनाशी होते. ती बॅगेत, चेन लावून, आतल्या भिंतीकडे ठेवा. बाहेरच्या तापलेल्या भिंतीला टेकवू नका. बॅगेत छोटा डिजिटल ओलावामापक टाका. ४० च्या खाली गेला तर छिद्रं पाडलेल्या साबणदाणीत ओला पिळलेला स्पंज ठेवून ती बॅगेतच, डोक्याच्या खाली ठेवा. पाणी निथळता कामा नये. पावसाळ्यात हा स्पंज काढा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने वरून आणि खालून पुसा, नाहीतर महिन्याभरात गंज चढतो.

मे महिन्यात गाडीत गिटार ठेवून अंबाझरीला फिरायला जाऊ नका. बंद गाडीत गोंद मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने ब्रिज उचलला जातो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. जरासाही आत गेला तर तारा लगेच उतरवा आणि दुरुस्तीला द्या. स्कूटरवरून दुपारी न्यावीच लागली तर तारा एका सुराने उतरवून न्या, पोचल्यावर सावलीत अर्धा तास बॅगेतच राहू द्या, मग लावा. सोबत येणारी पातळ बॅग फक्त धुळीपुरती. किमान १० मिलिमीटर फोमची बॅग वेगळी घ्या.

स्टेजवर

एफ ३१० मध्ये पिकअप, म्हणजे गिटारीचा आवाज स्पीकरला देणारं उपकरण, नाही. गॅदरिंगच्या स्टेजवर ड्रम आणि बेसबरोबर ती ऐकू जाणार नाही. एकट्याने गायचं असेल तर दुसरा माइक बाराव्या फ्रेटकडे, १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवायला सांगा. साउंडवाला हमखास तो साउंडहोलसमोर आणतो आणि मग शिट्टी सुरू होते. आग्रहाने सरकवून घ्या, आणि माइकच्या वाहिनीवरचा बेस कमी करायला लावा. वर्षातून दोनपेक्षा जास्त वेळा स्टेजवर जाणार असाल तर पिकअप असलेली एफएक्स ३१० घ्या. नंतर साउंडहोलमध्ये बसवायचा पिकअपही चालतो, पण त्याचा आवाज गिटारीपेक्षा तारांचाच जास्त येतो.

घरात, फुटाळ्यावर, होस्टेलच्या खोलीत, चारपाच माणसांपुढे एक गाणं म्हणायचं असेल तर हे पैसे योग्य ठिकाणी गेले असं आम्ही म्हणू. बोटांनी वाजवायची आवड लागली, हळू वाजवण्यातला फरक कानाला कळू लागला, तर वर्षभरात अखंड फळीकडे जावंसं वाटेल, तेव्हा ही विकू नका. चांगला सेटअप असलेली एफ ३१० प्रवासाला, मित्राला शिकवायला आणि मे महिन्यात दुसरी गिटार बॅगेत बंद असताना वाजवायला ठेवा. जुनी विकत घेत असाल तर समोरचा मागेल त्या किमतीआधी ब्रिजखालचा कागद, चौदाव्या फ्रेटजवळ मान पोटाला जोडते तिथली फट आणि पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांनी पाडलेल्या खाचा बघा. खाचा खोल असतील तर फ्रेट बदलण्याचा खर्च गिटारीच्या किमतीच्या बराच जवळ जातो.